मागच्या कप्प्यातील एकूण सजीव

‘वाहनाच्या मागील कप्प्यातील एकूण सजीव’ हा रकाना मी तयार केलेला नाही. तो सरकारनं तयार केला, मी फक्त त्यात खरं ते लिहिलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या घरी आजही त्या प्रकाराचा उल्लेख ‘ह्यांनी घातलेला घोळ’ असाच होतो, आणि पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं नोंदी ठेवणाऱ्या माणसाला घोळ हा शब्द फार लागतो.

काम खरं तर साधं होतं. माझ्या बायकोला तिची घोडी घेऊन ऐंशी किलोमीटरच्या शर्यतीला जायचं होतं. या शर्यतीला ते लोक एन्ड्युरन्स म्हणतात. बायको शाळेत गणित शिकवते. तिनं घोड्यावर बसावं असं तिच्या कुंडलीत, शिक्षणात किंवा गुडघ्यांत काहीही नव्हतं. पण चार वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या रायडिंग स्कूलनं एक पांढुरकी, चावरी, सदा दचकणारी घोडी काढून टाकायचं ठरवलं आणि हिनं ती ठेवून घेतली. तिचं नाव भुरी. लोक पन्नाशीला आले की बागकाम करतात. आमच्याकडे हे झालं.

या शर्यतीत पहिलं येणं हा भाग किरकोळ असतो, हे मला फार उशिरा कळलं. घोडं नुसतं पळून चालत नाही. पोचल्यावर वीस मिनिटांच्या आत त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला चौसष्टवर किंवा त्याखाली यावे लागतात. मग पशुवैद्य त्याला दुडक्या चालीनं पळवून बघतो, आणि ते लंगडत नसेल तरच शर्यत पूर्ण झाली असं लिहून देतो. म्हणजे माणसाचा पराक्रम घोड्याच्या छातीवर नळी लावून मोजतात. भुरी तीनदा गेली होती आणि तीनदा रिकाम्या हातानं परत आली होती. एकदा लंगडली, एकदा तिचा नाल निघाला, आणि एकदा ठोके पासष्ट भरले. एका ठोक्यानं! त्या दिवसानंतर आठवडाभर आमच्या घरात पासष्ट हा आकडा कुणी उच्चारत नव्हतं.

आता भुरी अठरा वर्षांची झाली होती. तिला तपासणाऱ्या पशुवैद्यानं स्पष्ट सांगितलं होतं की हा तिचा शेवटचा हंगाम, पुढच्या वर्षीपासून नुसते फेरफटके. आणि हंगामात एकच शर्यत उरली होती.

“तिनं जिंकावं असं माझं म्हणणंच नाही हो,” बायको भांडी पुसता पुसता म्हणाली. “पण टाकाऊ म्हणून काढली होती ना तिला? ती टाकाऊ नाही, एवढं एकदा कुणीतरी कागदावर लिहून द्यावं.”

कागदावर लिहून मिळण्याचं महत्त्व मला कुणी समजावून सांगायला नको. मी एका पायावर तयार झालो.

अडचण प्रवासाची होती. भुरीला गाडी सोसत नसे. गाडी सुरू झाली की ती घामानं निथळायची, पाय आपटायची, आणि शर्यतीच्या जागी उतरायची तेव्हा अर्धी शर्यत धावून आल्यासारखी दिसायची. त्यात आमच्याकडे गाडीही नव्हती. म्हणून तबेल्याच्या फळ्यावर बायकोनं चिठ्ठी लावली, ‘शर्यतीला जाण्यासाठी एका घोडीपुरती जागा हवी. सोबत एक मदतनीस देता येईल.’ तो मदतनीस मी होतो, हे मला फळ्यावर वाचून समजलं.

चिठ्ठीला उत्तर आलं ते सेनापती नावाच्या एकांकडून. हे गृहस्थ व्यवसायानं दंतवैद्य. दिवसभर ज्यांच्या तोंडात कापूस कोंबलेला आहे अशाच लोकांशी बोलत असल्यामुळे उलट उत्तर येऊ शकतं ही कल्पनाच त्यांना नव्हती. त्यांच्याकडे तीन घोड्यांचा ट्रक होता आणि सुलतान नावाचा एक उंच, चकचकीत घोडा होता. तिसरी जागा टेलरताईंच्या तट्टाला गेली. टेलरताई एकसष्ट वर्षांच्या. सतत तोंडात टाचण्या धरून त्यांना कमी बोलायची सवय लागलेली. तट्टाचं नाव बटण. त्यांनी अशा अकरा शर्यती पूर्ण केल्या होत्या आणि अकराही वेळा त्या शेवटच्या आल्या होत्या, याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं.

सेनापतींनी पहिल्याच बैठकीत छापील नियम वाटले. घोड्यांजवळ मोठ्यानं बोलायचं नाही. घोड्यांजवळ हळूही बोलायचं नाही. मदतनिसानं, म्हणजे मी, तिघांच्याही बादल्या भरायच्या आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. केबिनमध्ये जागा तीन, स्वारही तीन. मदतनिसासाठी मागं, घोड्यांच्या तोंडापुढे, भिंतीला लावलेली एक घडीची खुर्ची होती.

“तिथं बरंच वारं लागतं,” सेनापती म्हणाले. हे आश्वासन होतं की इशारा, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

बातमी आमच्या इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनचालक राहतात. त्यांनी तीनही घोड्यांची वजनं माझ्याकडून लिहून घेतली, पाठकोऱ्या कागदावर ट्रकची आकृती काढली आणि मला जिन्यात अडवून म्हणाले, “सगळा प्रश्न तोलाचा आहे. जड घोडा मधे. आणि वळणावर तुम्ही विरुद्ध बाजूला झुकायचं.”

“मी झुकून काय होणार? माझं वजन बासष्ट किलो.”

“थेंबे थेंबे तळे साचे,” ते गंभीरपणे म्हणाले.

समोरच्या काकूंनी आल्याच्या वड्या आणून दिल्या. गाडी लागू नये म्हणून. घोडीला द्यायच्या की मला, असं विचारलं तर म्हणाल्या, “ज्याला आधी मळमळेल त्याला.” शिवाय घोडी लिफ्टमध्ये मावेल का, अशी चिंता त्यांना आठवडाभर होती. घोडी वर येणारच नाही, हे मी त्यांना चारदा सांगितलं.

भुरीला ट्रकमध्ये चढवण्याची तालीम आदल्या रविवारी झाली. घोड्यावरून आपल्या भाषेत इतके वाक्प्रचार आहेत, पण घोडं गाडीत कसं चढवावं यावर पूर्वजांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. भुरी रॅम्पसमोर उभी राहिली ती राहिलीच. सेनापतींनी हुकूम सोडले. इंजिनचालक मुद्दाम आले होते, त्यांनी तिला उलटी चढवायची सूचना केली. शेवटी मी म्हटलं, तिला दाखवून तरी द्या की यात भिण्यासारखं काही नाही. म्हणून मी स्वतः गाजर हातात घेऊन रॅम्प चढलो, वर उभा राहिलो आणि आनंदी दिसण्याचा प्रयत्न केला. असं सात वेळा केलं. भुरी लक्षपूर्वक बघत होती. आठव्या खेपेला माझ्या मागोमाग पावलं वाजली. मी वळून पाहिलं तर बटण आला होता. त्यानं गाजर खाल्लं. मग बटण दिसेनासा झाला म्हणून भुरी आली. माझ्या सात फेऱ्यांचा कुणी उल्लेखही केला नाही.

आता त्या रकान्याकडे येतो. घोडी जिल्ह्याबाहेर न्यायची तर पशुसंवर्धन खात्याचा चार पानी फॉर्म भरावा लागतो. कागदाचं काम म्हणून तिघांनीही तो माझ्यावर सोपवला आणि खरं सांगतो, त्या सबंध मोहिमेत पहिल्यांदाच मला माझ्या घरी आल्यासारखं वाटलं. तिसऱ्या पानावर तो प्रश्न होता. मागील कप्प्यातील एकूण सजीव. मी पेन खाली ठेवलं आणि विचार केला. घोडे तीन. पण मीही मागच्याच कप्प्यात बसणार होतो आणि माझ्या सजीव असण्याबद्दल निदान खात्यात तरी वाद नव्हता. घोड्यांभोवती घोंगावणाऱ्या माशांचा मुद्दाही मी विचारात घेतला, पण त्यांचा प्रवास ऐच्छिक असल्यामुळे सोडून दिला. मी ‘चार’ लिहिलं. पुढे प्रत्येक सजीवाची उंची, रंग, वय आणि ओळखीची खूण विचारली होती. चौथ्यासमोर मी लिहिलं: पाच फूट चार इंच, निमगोरा, एक्कावन्न, डाव्या गालावर तीळ. ‘स्वभाव’ हा रकाना मी कोरा ठेवला. स्वतःच्या स्वभावाबद्दल स्वतःच मत देणं मला प्रशस्त वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. दार बंद झालं आणि अर्धवट उजेडात तीन मोठी तोंडं माझ्यापासून हातभर अंतरावर आली. घोडा मैदानात बघणं वेगळं आणि त्याच्या श्वासाच्या टप्प्यात बसणं वेगळं. सुलतानाची नाकपुडी माझ्या मुठीएवढी होती. भुरीचे डोळे पांढरे झाले होते, मान घामानं काळी पडत चालली होती, आणि तिच्या पायांच्या आपटण्यानं माझी खुर्ची उडत होती. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त वाईट वाटलं. एवढ्या ताकदीच्या जिवाला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी पिशवीतून येत्या सोमवारच्या सभेत वाचायचं इतिवृत्त काढलं. आमच्या खात्याच्या मासिक सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त मी वाचतो. बावीस वर्षं वाचतो आहे. ते तपासताना मला मोठ्यानं वाचावं लागतं, नाहीतर चुका सापडत नाहीत. नियम आठवला, पण केबिन भिंतीपलीकडे होतं. मी सुरू केलं. “ठराव क्रमांक एक. पूर्वेकडील टाकीच्या झाकणाची दुरुस्ती करणेबाबत.”

ठराव क्रमांक चारला माझ्या लक्षात आलं की पाय आपटण्याचा आवाज येत नाही. मान वर केली तर भुरीची पापणी अर्धी मिटली होती आणि खालचा ओठ लोंबत होता. बटण केव्हाच झोपला होता. ठराव क्रमांक सहाला सुलतानही गेला.

इथं वाचकांना एक खाजगी गोष्ट सांगायला हवी. आमच्या खात्यात माझ्या वाचनाला ‘गुंगी’ म्हणतात. मी उभा राहिलो की लोक खुर्च्या सैल करून बसतात. एकदा मुख्य अभियंत्यांचं डोकं टेबलावर आपटलं आणि त्यांना दोन टाके पडले. हे सगळं मी हसत सोसलेलं आहे. पण ज्यांचा खात्याशी काडीचा संबंध नाही, अशा तीन घोड्यांनीही तेच करावं? मी इतिवृत्त मिटलं. भुरीनं डोळे उघडले आणि पाय आपटला. मी पुन्हा उघडलं. असे आम्ही चार तास गेलो.

जिल्ह्याच्या सीमेवर तपासणी चौकी होती. दार उघडून तिथला कारकून आत डोकावला, फॉर्म पाहिला, बोटानं मोजलं आणि म्हणाला, “तीनच आहेत. चौथा कुठंय?”

“मी,” मी म्हणालो.

त्यानं फॉर्म पाहिला, मग माझा गाल पाहिला. तीळ जुळला. “पण स्वभाव भरलेला नाही. अपूर्ण फॉर्म पुढे जात नाही. शिवाय जितके सजीव तितके तपासणीचे शिक्के लागतात.”

बायको चौकीच्या खिडकीपाशी जाऊन त्याच्याशी बोलली, सेनापती ओरडले, टेलरताईंनी कपाळाला हात लावला. शर्यतीआधीची घोड्यांची तपासणी संध्याकाळी सहाला बंद होणार होती आणि अजून दोन तासांचा रस्ता बाकी होता. सहा चुकले की भुरीचा शेवटचा हंगाम चौकीतच संपणार होता. पण मनातल्या मनात कबूल करतो, त्या कारकुनाच्या जागी मी असतो तर मीही सोडलं नसतं.

सव्वा तासानं तिथली पशुवैद्य आली. तरुण मुलगी, हातात नळी. तिघंही स्वार खिडकीपाशी भांडत असताना ती मागं चढली आणि घोडे बघून थबकली.

“यांना गुंगीचं औषध दिलंय तुम्ही?”

“नाही हो! मी इतिवृत्त वाचत होतो.”

“काय वाचत होतात?”

“वाचून दाखवू?”

तिनं पुरावा म्हणून एक परिच्छेद ऐकला. दुसऱ्या वाक्याला तिनं जांभई दाबली, तिसऱ्याला ती दाबली गेली नाही. मग तिनं तीनही घोड्यांना नळी लावली, मला धनुर्वाताची लस कधी घेतली ते विचारलं, आणि माझ्या कोऱ्या रकान्यात लिहिलं: ‘शांत. हाताळण्यास सोपा. प्रवासास योग्य.’ खाली शिक्का.

“हाताळण्यास सोपा?” बायकोनं वाचून विचारलं. “कुणाला विचारून लिहिलं हे?”

सहाला चार मिनिटं कमी असताना आम्ही मैदानावर पोचलो. भुरी रॅम्पवरून उतरली आणि तिथल्या पशुवैद्यानं ठोके मोजले. छत्तीस! बायकोनं पुन्हा मोजायला लावले. गाडीतून उतरल्यावर भुरी कधी साठाच्या खाली नसायची.

“माझं ड्रायव्हिंग,” सेनापती म्हणाले.

सभागृहात माणसं झोपतात हे बायकोला ठाऊक होतं. आता घोडेही झोपतात, हे मी स्वतःच्या तोंडानं कशाला सांगू? मी बादल्या भरायला गेलो.

शनिवारी पहाटे तांबडं फुटताना शर्यत सुटली. मी याआधी कधी ती बघायला गेलो नव्हतो. चाळीस घोडे, आणि गोंगाट काहीच नाही. खोगिराचं कातडं करकरत होतं, नाकातून वाफा निघत होत्या, आणि पायाखालच्या जमिनीत एक हलकीशी थरथर होती ती चपलांमधून माझ्या पोटात येत होती. त्या घोळक्यात माझी बायको होती. पाठ ताठ, हात सैल. ही बाई मला रोज सकाळी डबा देते आणि छत्री विसरू नका म्हणते, हे मला खरंच वाटेना. ती टेकडीपलीकडे गेली तरी मी बादली हातात धरून तसाच उभा होतो.

वाटेची तीन वर्तुळं होती. प्रत्येकानंतर तपासणी, विश्रांती. पहिल्या वर्तुळात सुलतान सगळ्यांच्या पुढे आला. दुसऱ्यातही पुढेच आला, पण पशुवैद्यासमोर पळताना मागच्या डाव्या पायात लचकला. संपलं. सेनापती माझ्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर येऊन बसले. पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी उलट उत्तर दिलं होतं. थोड्या वेळानं ते उठले, सुलतानाच्या पायाला गार पट्टी बांधली आणि म्हणाले, “बादली द्या इकडे. आता दोघंच राहिलेत, त्यांना तरी आणू या.” त्या क्षणी मला ते गृहस्थ पहिल्यांदा आवडले.

भुरी आणि बटण तीन वाजून बारा मिनिटांनी शेवटच्या रेषेवर आले, बरोबरीनं, सगळ्यांच्या मागून. बटणाचे ठोके आल्या आल्या चोपन्न होते. टेलरताईंनी त्याला लगेच तपासणीला नेलं आणि बारावी शर्यत पूर्ण करून पाच मिनिटांत परत आल्या. येताना कानात नळी तशीच होती. त्यांनी ती भुरीच्या छातीला लावली.

“शहात्तर.”

सेनापती पाणी ओतत होते, बायको पाणी निथळवत होती, मी बादल्या आणत होतो. बहात्तर आले. मग सत्तर. मग सत्तरच. शेजारच्या खांबावरचा कर्णा निकाल सांगत होता आणि प्रत्येक नावाला भुरी दचकत होती. पलीकडून सुलतान खिंकाळला की तिची मान वर जायची. अकरा मिनिटं झाली. एकाहत्तर. शेवटच्या तपासणीला घोडं एकदाच हजर करता येतं, आणि एकदा आत नेलं की माघार नसते. वीस मिनिटांत चौसष्ट, नाहीतर काही नाही.

“दर दोन मिनिटांना एक उतरला तरी,” बायको म्हणाली आणि थांबली. गणित शिकवणाऱ्या बाईनं गणित अर्ध्यावर सोडलं होतं. तिनं भुरीच्या ओल्या मानेला कपाळ टेकवलं. “राहू दे गं. खूप केलंस तू. राहू दे.”

ते ‘राहू दे’ मला ऐकवेना. चोवीस वर्षांच्या संसारात ही बाई कशालाही राहू दे म्हणालेली नाही.

“अगं, ती काल गाडीत झोपली होती,” मी म्हणालो.

“कोण?”

“भुरी. तिघंही. मी इतिवृत्त वाचत होतो.”

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

“मग काल का नाही सांगितलंत?” बायको म्हणाली.

“माझ्या वाचनानं जनावरंसुद्धा झोपतात, हे काय सांगायचं?”

“वाचा!” सेनापती गरजले. “अहो, बघता काय, वाचा!”

इतिवृत्त ट्रकमध्ये होतं आणि ट्रक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. पण बावीस वर्षं म्हणजे बावीस वर्षं. मी भुरीच्या तोंडासमोर उभा राहिलो, सभेत घसा खाकरतो तसा खाकरलो आणि सुरू केलं. “मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. ठराव क्रमांक एक. पूर्वेकडील टाकीच्या झाकणाची दुरुस्ती करणेबाबत. सदर झाकण हे मूळ झाकण नसून तात्पुरते झाकण असल्याचे निदर्शनास आल्यावरून...”

भुरीचा एक कान माझ्याकडे वळला.

“एकोणसत्तर,” टेलरताई म्हणाल्या.

आसपासच्या लोकांनी वळून पाहिलं. एवढ्या लोकांत, भर उन्हात, भिजलेल्या विजारीनं मी एका घोडीला झाकणाबद्दल सांगत होतो. माझे कान तापले. पण मी आवाज ढळू दिला नाही, कारण आवाज न ढळणं हेच माझ्या वाचनाचं वैशिष्ट्य आहे असं लोक म्हणतात. कर्णा ओरडला. भुरी दचकली नाही. दुसरा कान वळला. “ठराव क्रमांक दोन. गळती शोधपथकास शिट्ट्या पुरवणेबाबत.”

“सहासष्ट.”

शेजारच्या घोड्याचा मदतनीस हळूच गवतावर बसला. सेनापतींनी डोळे चोळले. भुरीची मान खाली आली, आणखी खाली आली, आणि तिनं आपलं ते मोठं, जड, ओलं डोकं माझ्या छातीवर टेकवलं. ठराव क्रमांक तीन मी जवळजवळ कुजबुजत वाचला.

“बासष्ट,” टेलरताई म्हणाल्या. आणि मग त्यांनी त्या नळीची टोकं काढून माझ्या कानात घातली. “ऐका.”

मी ऐकलं. एवढ्या मोठ्या जिवाचं हृदय इतकं सावकाश चालतं याची मला कल्पना नव्हती. वरच्या मजल्यावर कुणी थोर माणूस हात मागे बांधून येरझारा घालत असावा, तसं. दोन ठोक्यांच्या मधे इतकी जागा होती की दर वेळी पुढचा येतो की नाही म्हणून माझाच श्वास अडकत होता, आणि तो येत होता. ऐंशी किलोमीटर धावून, इतक्या सगळ्याला भिऊन, ती आता माझ्या शब्दांवर विसावली होती. आयुष्यात माझ्यावर कुणी एवढा विश्वास टाकलेला नाही.

“सतरा मिनिटं!” सेनापती म्हणाले. “चला!”

पशुवैद्यानं मिनिटभर मोजलं. मी ठराव क्रमांक चार ओठांतल्या ओठांत म्हणत होतो. त्यानं कागदावर एकसष्ट लिहिलं. आता उरली दुडकी चाल. बायकोनं लगाम धरला, एक पाऊल टाकलं आणि पोटरी धरून खाली बसली. गोळा आला होता.

“कुणीही पळवलं तरी चालेल,” पशुवैद्य म्हणाला.

टेलरताईंच्या हातात बटण होता आणि सेनापतींच्या हातात नुकताच सुलतान आला होता. मी लगाम घेतला. शाळा सोडल्यापासून मी पळालेलो नव्हतो. जाताना ठीक गेलो. येताना चपलेचा अंगठा तुटला, पाय मुरगळला, पण थांबलो तर भुरी थांबेल म्हणून तसाच आलो. समोर पशुवैद्य खाली वाकून चार पायांकडे एकटक बघत होता.

तो सरळ उभा राहिला. “घोडी ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “पळवणारा लंगडतोय. पण नियम घोडीला आहे.”

आणि त्यानं कागदावर ‘पूर्ण’ असं लिहून सही केली. बायकोनं तो कागद आधी भुरीला वाचून दाखवला. मग भुरीच्या गळ्याला मिठी मारून ती मोठ्यानं रडली, लहान मूल रडतं तशी, आणि तिला कुणी बघतंय याची तिला पर्वा नव्हती. मी एका चपलेवर उभा राहून पाहत होतो. मला एवढंच वाटलं की मी फार मोठ्या माणसांत आलो आहे आणि त्यांतली दोन माझ्याच घरची आहेत.

रविवारी परतीचा फॉर्म वेगळा होता. मी तो ट्रकच्या चाकाशी बसून भरत होतो. तिसऱ्या पानावर पोचलो तेव्हा बायको मागच्या दारातून आत चढली आणि गवताचा गठ्ठा माझ्या खुर्चीशेजारी सरकवून त्यावर बसली.

“अगं, तुझी जागा केबिनमध्ये आहे.”

“सेनापतींना म्हटलं, पाय पसरून बसा. तुम्ही पाच लिहा.”

मी पाच लिहिलं. उंची विचारावी लागली नाही. ओळखीच्या खुणेपाशी मात्र पेन अडलं. चोवीस वर्षांत मी हिला किती निरखून पाहिलं होतं? भुवयांवर अजून कालची धूळ होती आणि हनुवटीखाली शिरस्त्राणाच्या पट्ट्याचा तांबूस वळ होता. मी तो वळ लिहिला. ‘स्वभाव’ या रकान्यात दोन ओळींची जागा होती. ती पुरली नसती, म्हणून तोही रकाना मी चौकीवरच्या मुलीसाठी कोरा ठेवला.

दार बंद झालं. गाडी हलताच भुरीनं एकदा पाय आपटला.

“वाचा की,” बायको म्हणाली. “सगळे थांबलेत.”

मी इतिवृत्त उघडलं. बटण पहिल्या ठरावाला गेला, सुलतान दुसऱ्याला. तिसऱ्याच्या मध्यावर भुरीचा ओठ लोंबला, आणि त्याच वेळी माझ्या खांद्यावर काहीतरी जड येऊन पडलं. बायकोला झोप लागली होती, तोंड किंचित उघडं. माझं वाचन सुरू असताना माझ्यासमोर माणूस झोपण्याची ही हजारावी वेळ असेल. मी आवाज न ढळू देता पुढचा ठराव घेतला.